गाठाळ, तोकड्या सागाची जमीन: माल ठेवा, मे महिना सोडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. वाईजवळ घर होत आलंय, प्लॅस्टर होऊन महिना झालाय. वरच्या मजल्यावरचा २० बाय १४ चा हॉल, एक खोली आणि मधली बोळकांडी मिळून ४८० चौरस फुटांत लाकडी जमीन हवी आहे. एका कारखान्याने बाजूला काढलेला सागाचा लॉट तुम्हाला पहिल्या प्रतीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मिळाला. एकूण ६२० चौरस फूट, जाडी १८ मिमी, रुंदी साधारण ९० मिमी, लांबी १ ते ४ फूट, कडांना जीभ-खाच मारलेली (एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते). फळ्यांत गाठी आहेत, पांढरे पट्टे आहेत, थोड्या फळ्यांना टाचणीएवढी भोकं आहेत, काहींच्या जिभा तुटल्या आहेत. तुमचा सुतार म्हणतो, फेकून द्या. आणि तुम्हाला मे अखेर जमीन घालून पावसाआधी वास्तुशांत उरकायची आहे.

माल फेकू नका. वास्तुशांत खुशाल करा, पण ती सिमेंटच्या कोब्यावर करा. जमीन दिवाळीनंतर घालू. का, ते खाली सांगतो.

सुतार का वैतागला, तेही समजून घ्या. पहिल्या प्रतीचा माल आला की गठ्ठा फोडायचा आणि ठोकत सुटायचं. तुमच्या मालात प्रत्येक फळी हातात घेऊन, उलटून, ठोकून पाहावी लागेल. कारखान्याने जी निवड करायची टाळली आणि म्हणून किंमत कमी लावली, ती निवड आता तुमच्या दारात येऊन पडली आहे. पुण्यात मी २६ वर्षं हेच काम करतोय. माझ्या हिशेबाने ४८० फुटांचं स्वच्छ मालाचं काम दोन माणसं पाच दिवसांत उरकतात. तुमच्या मालाला तीच माणसं दहा दिवस धरा. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या सुताराला हे परवडत नाही, म्हणून ‘फेकून द्या’. त्याला रोजावर ठेवा किंवा दर वाढवून द्या, त्याचं मत बरंचसं बदलेल. निवड तुम्ही स्वतः केलीत तर आणखी उत्तम, त्या कामाला कौशल्यापेक्षा सबुरी लागते. हे जमणार नसेल तर मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

कारखान्यात प्रत ठरवणारा माणूस फळीचा चेहरा बघतो. तीन फुटांच्या फळीत एक गाठ आणि एक पांढरा पट्टा दिसला की ती खालच्या ढिगात जाते, मग उरलेलं लाकूड कितीही चांगलं असो. पायाखाली टिकण्याशी त्या चेहऱ्याचा फारसा संबंध नाही. म्हणून मी दोष दोन प्रकारचे मानतो: दिसण्याचे आणि वागण्याचे. घट्ट बसलेली गाठ, रंगातला फरक, काळी रेघ, तोकडी लांबी हे सगळे दिसण्याचे दोष. पीळ, कडेने वाक, किडा, सुटलेली गाठ, कमी-जास्त रुंदी, आत राहिलेली ओल हे वागण्याचे. पहिल्यांशी जुळवून घेता येतं. दुसऱ्यांना कापून काढायचं किंवा खोलीबाहेर ठेवायचं. तुमचा सुतार सगळ्यांना एकाच मापाने मोजतोय, एवढीच त्याची चूक.

आता मे महिन्याचं. २००३ साली मुळशीकडच्या एका फार्महाउसला मी अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात जमीन घातली. लाकूड कोरडं ठणठणीत, सांध्यात कागद शिरणार नाही इतक्या घट्ट फळ्या, भिंतीपाशी जेमतेम ५ मिमी जागा. मालक खूश, मीही खूश. श्रावणात फोन आला की दिवाणखान्याच्या मधोमध जमीन उचलली गेलीय आणि दार उघडत नाही. जाऊन पाहतो तर जमिनीला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा, पाय दिला की टपटप आवाज. माल पहिल्या प्रतीचा होता, हे मुद्दाम सांगतो. सगळं उचलून पुन्हा घातलं, पदरचे पैसे घालून.

कारण साधं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. आपल्याकडे मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टात ८० च्या वर राहते. त्यानुसार घरातल्या लाकडातली ओल उन्हाळ्यात ८ टक्क्यांच्या आसपास येते आणि पावसाळ्यात १३ ते १५ पर्यंत चढते. साग यात सभ्य समजला जातो, इतर बऱ्याच कठीण लाकडांपेक्षा तो कमी फुगतो. तरीही ओल ५ टक्क्यांनी वाढली की ९० मिमी रुंदीची आडवी कापलेली (ओंडक्याच्या वलयांना समांतर चिरलेली) फळी सुमारे ०.८ मिमी फुगते आणि उभी कापलेली (वलयांना काटकोनात चिरलेली) त्याच्या निम्मी. तुमच्या लॉटमध्ये दोन्ही मिसळलेल्या असणार. सरासरी अर्धा मिलिमीटर धरा. १४ फूट रुंदीत ४७ फळ्या बसतील, म्हणजे एकूण २३ मिमीच्या वर, जवळजवळ एक इंच. खिळे आणि गोंद त्यातलं बरंच दाबून धरतात. पण आठ टक्क्यांवर घट्ट घातलेल्या जमिनीला जायला जागाच नसते, म्हणून ती वर जाते.

उलटही होतं. भर पावसात घातली तर चैत्रात फळ्याफळ्यांत नखं शिरतील अशा भेगा पडतात. म्हणून घालायची ती मधल्या ओलीवर, १० ते १२ टक्क्यांना. ती ओल आपल्याकडे कोजागिरीनंतर, खरं तर दिवाळी उलटल्यावर लाकडात आपोआप येते. तेव्हा घातलेली जमीन पावसाळ्यात थोडी फुगते, उन्हाळ्यात थोडी आकसते, आणि दोन्ही सहन करण्याइतकीच. तुमच्या घराला शिवाय नवं प्लॅस्टर आणि नवा कोबा आहे. त्यांतलं पाणी अजून बाहेर पडतंय. बंद खोलीत ते जाणार कुठे? लाकडात.

तर मेमधला वेळ निवडीला वापरा. वरची खोली रिकामी असेल तर उत्तम. खिडकीच्या उजेडात, सपाट जमिनीवर एकेक फळी ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबा. एक कोपरा दाबला की समोरचा उचलला जातोय, तर तिला पीळ आहे. चार फुटांच्या पिळलेल्या फळीचे दोन-दोन फुटांचे दोन तुकडे केले की पीळही निम्मा होतो, आणि तोकडी फळी तुम्हाला चालणारच आहे. लांबीच्या दिशेने वर-खाली वाकलेली फळी ठोकताना सरळ होते, तिची काळजी नको. कडेने धनुष्यासारखी वाकलेली मात्र शेजारच्या फळीला कधीच चिकटत नाही. ती कापायची किंवा टाकायची.

गाठीवर हातोडीच्या दांड्याने ठोका. जिवंत गाठ लाकडासारखाच भरीव आवाज देते. मेलेल्या गाठीभोवती काळं कडं असतं आणि आवाज पोकळ येतो. अशी गाठ मी अंगठ्याने मागून ढकलून बघतो. निघाली तर निघू दे, आत्ताच निघालेली बरी. तिच्या जागी नंतर इपॉक्सी भरता येतं. नियम एवढाच की गाठ फळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठी नको, जीभ किंवा खाच मोडणारी नको आणि फळीच्या टोकाला नको. टोकाची गाठ करवतीने उडवा.

पांढरा पट्टा म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड. लोक त्याला रंगामुळे नावं ठेवतात, खरी अडचण वेगळी आहे. सागाच्या गाभ्यात जे तेल आणि द्रव्यं असतात त्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. पांढऱ्या भागात हे संरक्षण नाही आणि वर किड्याला हवी ती साखर-पिष्टं आहेत. ‘साग आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य फक्त गाभ्यापुरतं खरं. बारीक भोकांच्या फळ्याही बहुधा याच पांढऱ्या भागात सापडतील. त्या वेगळ्या करा, काळ्या कागदावर आडव्या ठेवून ठोका आणि चार-पाच दिवस तशाच राहू द्या. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे, ती फळी घराबाहेर, थेट बंबात. काही पडलं नाही, भोकांच्या कडा जुन्या काळपट दिसल्या, तर फळी वापरता येते.

पांढरा भाग असलेल्या सगळ्या फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड लावा. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक अॅसिड पूर्ण विरघळवून ब्रशने सहाही बाजूंना दोन हात. टोकांना जास्त, कारण टोकं पाणी पितात. हातमोजे घाला, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. हे द्रावण पाण्याने धुऊन निघतं, त्यामुळे बाहेरच्या ओट्यासाठी निरुपयोगी, घरात वर लेप बसला की टिकतं. लावल्यावर फळ्या सावलीत वाळवा. उन्हात टाकल्या तर निवडलेल्या सरळ फळ्याही वाकड्या होऊन परत येतील.

आता निवडीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग: रुंदी. स्वस्त लॉट बरेचदा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी यंत्रातून निघालेल्या फळ्यांचा असतो. एक ८९.२, दुसरी ९०, तिसरी ९०.६. डोळ्यांना फरक कळत नाही. पण एकाच ओळीत या तिघी आल्या की पुढची ओळ कधीच टेकत नाही, मग सुतार हातोडीने ठोकून ठोकून जीभ चेपतो आणि शेवटी लांबी (पुट्टी) मारून वेळ निभावतो. ‘हलक्या मालाच्या भेगा’ म्हणून ज्या दाखवल्या जातात त्यांतल्या निम्म्या या अशा असतात. व्हर्नियर कॅलिपर घ्या, जिभेखेरीज दर्शनी रुंदी मोजा, मागे पेन्सिलीने लिहा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने ढीग लावा. नियम असा: एका ओळीत एकाच ढिगातल्या फळ्या. ओळी आपसांत कमी-जास्त रुंद असल्या तर कुणाच्या बापाला कळत नाही. जाडीचंही त्याच वेळी बघून घ्या. अर्धा मिमी जास्त असलेल्या फळ्या घासून निघतात, १ मिमीहून जास्त असतील त्यांना पाठीमागून रंधा मारा.

निवडून झालं की किती उरेल? पाहिल्याशिवाय ठाम सांगत नाही, पण अशा लॉटमध्ये कापून-टाकून १५ ते २० टक्के जातात असा माझा अनुभव. ६२० मधून पाचशेच्या वर काही फूट राहिले तर तुमचं काम भागतं. भागत नसेल तर खोलीतल्या पलंगाखालचा भाग शेवटी घ्या. पलंगाखाली ती सर्वांत कुरूप पण सरळ फळी जाऊ द्या, तिथे कोण बघतंय!

पावसाळाभर माल त्याच घरात राहू द्या. खाली विटा, त्यावर रिपा, त्यावर फळ्यांचा थर, पुन्हा दीड-दीड फुटावर इंचभर रिपा, पुन्हा थर. सगळ्या रिपा एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर मधल्या फळ्या झोळीसारख्या होतात. वर फरशांचं वजन. फूटभर लांबीचे तुकडे असे रचता येत नाहीत, ते भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये उभे ठेवा. भिंतीपासून हातभर लांब, खिडक्या दिवसा उघड्या, प्लॅस्टिक झाकू नका. कार्तिकात दोन टोकांचा ओलमापक आणून पंधरा-वीस फळ्या तपासा. एक जाड फळी मधोमध कापून आतलं लाकूडही मोजा, कारण वरचा भाग कोरडा आणि गाभा ओला असं पुष्कळदा निघतं. सगळे आकडे १० ते १२ च्या आत आणि एकमेकांपासून दोन टक्क्यांत असले की सुताराला फोन करा.

तळाबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, पण तोकड्या मालाचं अर्धं यश तिथे आहे. दीड-दोन फुटांवर रिपा मारून त्यांवर फळ्या ठोकायची जुनी रीत लांब फळ्यांसाठी आहे. तुमची सव्वा फुटाची फळी एका रिपेवर टेकेल आणि दुसरं टोक हवेत. अशी फळी पहिल्याच दिवशी वाजते. तुम्हाला सलग तळ हवा: १८ मिमीचा आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय. साधा प्लाय घालू नका. वर जीव ओतून निवडलेला साग आणि खाली वाळवीला जेवण, असं नको.

कोब्यावर आधी ६० सेंटिमीटर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली दव धरलं किंवा कोबा काळवंडला तर अजून थांबा. संडास-बाथरूमच्या भिंतीलगत ही चाचणी नक्की करा, वरच्या मजल्यावर ओल येते ती तिथूनच. मग गवंड्याची सहा फुटी पट्टी फिरवा. पट्टीखाली ३ मिमीहून जास्त फट दिसेल तिथे भरा, उंचवटा असेल तिथे घासा. त्यावर २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर सहा इंच चढवून, आणि त्यावर प्लाय. प्लायच्या तावांत ३ मिमी फट, भिंतीपाशी १२ मिमी, दर फुटाला गिट्टी (भोकात स्क्रू घट्ट धरणारी खुंटी) आणि स्क्रू. स्क्रूने प्लॅस्टिकला भोकं पडतात हे खरं, वरच्या मजल्यावर तेवढं चालतं. तळमजल्यावर जमिनीतून ओल येते, तिथे मी अशी बांधणी करत नाही. भोकं पाडण्याआधी कोब्यातून पाण्याचे किंवा विजेचे पाइप कुठून गेलेत ते घर बांधणाऱ्याकडून काढून घ्या. एकदा माझ्या माणसाने गरम पाण्याचा पाइप फोडला होता, त्याची गोष्ट पुन्हा कधी.

आणि उंची! १८ अधिक १८, म्हणजे जमीन ३६ मिमी वर येणार. दारांची खालची बाजू, बाल्कनीचा उंबरा हे सगळ्यांच्या लक्षात येतं. जिन्याची शेवटची पायरी कुणाच्याच लक्षात येत नाही. ती इतर पायऱ्यांपेक्षा दीड इंच उंच झाली की घरातलं म्हातारं माणूस नेमकं तिथे अडखळतं. जिन्याला अजून फरशी बसवायची असेल तर आत्ताच गवंड्याला सांगा.

घालण्याची रीत. सर्वांत लांब आणि सरळ भिंत धरा, पण भिंतीवर विश्वास नको, सूत मारा आणि सुताला पहिली ओळ लावा. पहिल्या तीन ओळींना सर्वांत लांब, सर्वांत सरळ फळ्या. त्या वाकड्या गेल्या की पुढचं सगळं वाकडं. मग एकही खिळा न मारता पुढच्या सात-आठ ओळी नुसत्या मांडा. उभे राहून, दारातून, खिडकीतून बघा. सगळ्या गाठी एका कोपऱ्यात जमल्यात का, दोन पांढऱ्या फळ्या शेजारी आल्यात का, चार तोकडे तुकडे सलग लागलेत का. शेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान सहा इंच लांब हवेत, आणि ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे तिरके चढत जाऊ नयेत. लोकांना वाटतं खराब फळ्या कडेला सरकवल्या की झालं. मग मधला पट्टा गोरा आणि कडा काळ्या, असं ठिगळ दिसतं. गाठी सगळीकडे सारख्या विखुरल्या की डोळा त्यांना लाकडाचाच गुण समजतो. फक्त दारासमोर आणि सोफ्यासमोर उजवा माल ठेवा, कारण झीज आणि नजर दोन्ही तिथेच पडतात.

आमच्याकडे हे मांडायचं काम एका जुन्या सुतारमामांकडे असायचं. ते फळ्या मांडून झाल्या की चहा मागवायचे आणि चहा संपेपर्यंत कुणाला खिळा मारू द्यायचे नाहीत. चहानंतर तीन-चार फळ्या हमखास बदलल्या जायच्या.

ठोकताना जिभेच्या मुळातून तिरका, ३८ मिमीचा खिळा, गनने किंवा हाताने. हाताने मारणार असाल तर आधी बारीक भोक पाडा, साग टोकापाशी चिरतो. खिळ्यांत सात-आठ इंच अंतर, टोकापासून दोन इंच आत, आणि कितीही तोकडी फळी असली तरी दोन खिळे. फुटाच्या आतल्या तुकड्यांना आणि जीभ तुटलेल्यांना खाली पॉलियुरेथेनचा लवचीक गोंदही लावा. फर्निचरचा पांढरा गोंद कडक बसतो, जमिनीच्या हालचालीला तो साथ देत नाही. सागाच्या तेलकटपणामुळे गोंद सुटू नये म्हणून चिकटवायची बाजू आधी थिनरने पुसा. कापलेल्या टोकाला जीभ-खाच उरत नाही, तिथे खाच पाडून प्लायची पातळ पट्टी सरकवा किंवा निदान गोंद भरा. भिंतीपाशी चहूबाजूंनी १२ मिमी मोकळं सोडा, ते स्कर्टिंगखाली झाकलं जातं. स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही. करवतीचं पातं कार्बाइडचं घ्या, सागातली सिलिका साध्या पात्याची धार दिवसात घालवते.

आता भोकं भरायची. इथे बहुतेक जण सागाच्या रंगाची लांबी शोधत फिरतात आणि फसतात. ताजा रंधलेला साग ठिपकेदार, हिरवट, कुठे पिवळा, कुठे राखी दिसतो. उजेडात काही आठवडे राहिला की तो सोनेरी-तपकिरी होऊन बराच एकसारखा होतो. तुम्ही आज जुळवलेली लांबी मात्र तशीच राहते आणि सहा महिन्यांनी डागासारखी उठून दिसते. गाठीची भोकं मी गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या इपॉक्सीने भरतो. ते गाठीसारखंच दिसतं आणि रंग बदलण्याचा प्रश्न उरत नाही. बारीक भोकांना आणि चिरांना घासलेल्या सागाचाच भुसा लेपात कालवून पट्टीने ओढायचा. दोन फळ्यांमधल्या सांध्यांत मात्र काही भरू नका. पावसात फळ्या फुगल्या की ते पिळून वर येतं, उन्हाळ्यात सुटून पडतं.

घासणी ४०, मग ६०, ८०, आणि शेवटी १०० किंवा १२० नंबरचा कागद. पहिला हात थोडा तिरका, म्हणजे फळ्यांची उंचसखल निघते. पुढचे फळीच्या रेषेत. गाठ भोवतालच्या लाकडापेक्षा कडक असते. छोटं यंत्र एकाच जागी रेंगाळलं तर मऊ लाकूड खाली जातं आणि गाठ टेंगळासारखी राहते. म्हणून मोठं यंत्र भाड्याने आणा, नुसत्या हातयंत्रावर ४८० फूट करू नका. सागाच्या भुशाने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, दम लागतो. चांगला मास्क घाला, रुमाल बांधून भागत नाही.

लेपाबद्दल माझं मत ठाम आहे: चकाकी नको. गुळगुळीत चमकदार लेप प्रत्येक खळगा आरशासारखा दाखवतो, तुमच्या मालात खळगे असणारच. मॅट पॉलियुरेथेनचे तीन हात किंवा मेण-तेलाचा लेप. फर्निचरवाले मेलामाइन सुचवतील. कपाटावर ते छान, पायाखाली ओरखडतं आणि तडकतं. पॉलियुरेथेन तेलकट सागावर कधी कधी वाळता वाळत नाही. म्हणून थिनरने पुसून, एका कोपऱ्यात किंवा उरलेल्या पाच-सहा फळ्यांवर आधी लावून दोन दिवस बघा. जवसाचं तेल किंवा ते असलेला लेप वापरलात तर एक गोष्ट विसरू नका: भिजलेले बोळे ढीग करून टाकले की आपोआप तापून पेट घेतात. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर सुटे पसरून वाळवा. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, एका साइटवर धूर निघालेला डबा पाहिला आहे.

शेवटचा हात दिल्यावर दोन दिवस पायमोजे घालून चाला, आठवडाभर जड फर्निचर नको, गालिचा महिनाभर नको.

नंतर घरातल्या माणसांची सवय बदलावी लागते. आपल्याकडे फरशी पुसणं म्हणजे बादली, निथळता फडका आणि खोलीभर पाणी. लाकडाला कोरडा झाडू आणि आठवड्यातून एकदा पिळून काढलेला फडका पुरे. कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी स्वतः करून दाखवा, नुसतं सांगून होत नाही. देव्हारा लाकडी जमिनीवर असेल तर समईखाली ताट ठेवा. नारळ बाहेर पायरीवर फोडा.

पहिल्या उन्हाळ्यात काही सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीच्या फटी दिसतील आणि घरातलं कुणीतरी ‘बघ, स्वस्त माल’ असं म्हणेल. काही करू नका. आषाढात जाऊन बघा, मिटलेल्या असतील. श्रावण उलटल्यावरही न मिटलेली, नखाहून जाड फट दिसली तर तिचा फोटो आणि त्या ओळीतल्या फळ्यांची रुंदी पाठवा. रुंदी मागे लिहून ठेवली असेल तर उरलेल्या फळ्यांतून त्या मापाची एक काढून बदलता येते. म्हणून दहा-बारा फूट माल राखून ठेवा. माळ्यावर नको, तिथे तापतो. त्याच खोलीत पलंगाखाली बांधून ठेवा.